शाळेतली चित्रकला आणि तिचा पाया : वाचकांचे प्रश्न

चित्रकलेविषयी या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे आठवी-नववीच्या मुलांची, त्यांच्या पालकांची किंवा शिक्षकांची आहेत. त्यांतील काही निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे लांब होती, म्हणून त्यांचा आशय थोडक्यात दिला आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

माझी मुलगी आठवीत आहे आणि यंदा एलिमेंटरीला बसणार आहे. तिचे ड्रॉइंगचे सर मुलांकडून नुसत्या रेषा, लंबवर्तुळे आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पट्ट्या काढून घेत आहेत. तिच्या मैत्रिणी खासगी क्लासला जातात, तेथे ‘आठवडी बाजार’, ‘बसथांबा’, ‘पावसाळी दिवस’ अशी स्मरणचित्रे घोटून घेतली जातात. आमची मुलगी मागे तर पडणार नाही ना? — एक पालक, नाशिक

नाही. पत्रात लिहिल्याप्रमाणे खरोखरच शिकवणे चालू असेल, तर सरांच्या पद्धतीत हात घालू नये असेच मी सुचवीन. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षेत एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. या विषयांची नावे जुनी वाटली, तरी त्यांची निवड विचारपूर्वक झालेली आहे. समोरचे नीट पाहता येते का, पाहिलेले लक्षात राहते का, कोऱ्या जागेची वाटणी करता येते का आणि हाताला काटेकोरपणा आहे का, हे त्यांतून तपासले जाते. या परीक्षेवर टीका करणारे पुष्कळ आहेत, परंतु माझ्या मते दोष अभ्यासक्रमात फारसा नसून तयारी करून घेण्याच्या रीतीत आहे.

लंबवर्तुळे कशासाठी, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वस्तुचित्रासाठी स्टुलावर एक पितळी तांब्या, शेजारी एखादे फळ आणि मागे कापड अशी मांडणी असते असे समजा. विद्यार्थी जमिनीवर किंवा बाकावर बसलेला असतो आणि तांब्या त्याच्या डोळ्यांच्या पातळीच्या काहीसा खाली असतो. तांब्याचे तोंड गोल आहे हे मुलाला माहीत असते, म्हणून तो ते दिसते त्यापेक्षा कितीतरी अधिक गोल काढतो. तांब्या सपाट फळीवर टेकलेला आहे हेही त्याला माहीत असते, म्हणून तळाशी तो सरळ आडवी रेघ मारतो. प्रत्यक्षात घडते ते याच्या उलट असते. वर्तुळ डोळ्यांच्या पातळीच्या जितके जवळ, तितके ते चपटे दिसते, आणि जितके खाली जाईल तितके ते उघडत जाते. त्यामुळे तोंडाचे लंबवर्तुळ सर्वांत चपटे, पोटावरच्या कडीचे त्याहून थोडे उघडे आणि तळाची कड सर्वांत अधिक वक्र, असा क्रम दिसायला हवा. हा क्रम चुकला की छायांकन कितीही सुबक असले तरी तांब्या फळीवर बसलेला वाटत नाही, तो पुढे कलंडल्यासारखा दिसतो. असे चित्र पाहून घरचे लोक मुलाचा ‘हात अजून वळलेला नाही’ असे म्हणतात. परंतु येथे हात दोषी नसतो. मुलाने तांब्याकडे पाहण्याऐवजी तांब्याविषयीची आपली माहिती कागदावर उतरवलेली असते.

घरी करता येईल असा एक सराव सांगतो. काचेचा सरळ पेला अर्धा पाण्याने भरून टेबलावर ठेवावा. काठ, पाण्याची पातळी आणि तळ अशी तीन लंबवर्तुळे त्यात एकाच वेळी दिसतात आणि काच पारदर्शक असल्यामुळे त्यांच्या मागच्या कडाही दिसतात. मुलीने आधी फिकट उभा मध्यअक्ष काढावा, तिन्ही लंबवर्तुळे त्याच्या दोन्ही बाजूंना सारखी आहेत का ते पाहावे आणि त्यांची टोके बदामासारखी अणकुचीदार होऊ देऊ नयेत. नंतर तोच पेला जमिनीवर ठेवून एक रेखाटन करावे आणि एखाद्या फडताळावर बरोबर डोळ्यांच्या उंचीला ठेवून दुसरे करावे. फडताळावरच्या पेल्याचा काठ आडव्या रेषेसारखा दिसू लागतो, ते पाहून मुलांना फार मौज वाटते. मापे घेताना एक डोळा मिटून, हात पूर्ण ताठ ठेवून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत रुंदी आणि उंची यांचे प्रमाण पाहावे. कोपर वाकले की माप बदलते. ‘हात ताठ ठेव’ असे सर वारंवार म्हणत असतील, तर त्यामागचे कारण हेच आहे.

आता घोटलेल्या स्मरणचित्रांविषयी. एका क्लासमधल्या सगळ्या मुलांच्या कागदावर तीच भाजीवाली, तीच छत्री आणि डाव्या कोपऱ्यातले तेच झाड दिसू लागले, तर कागद तपासणाऱ्याला ते कळायला वेळ लागत नाही. विषय थोडा बदलून आला की ही मुले गडबडतात, कारण त्यांच्याजवळ ठसे असतात, आठवण नसते. त्याऐवजी मुलीला लहान वही घेऊन खरोखरच एखाद्या बसथांब्यावर नेऊन बसवावे. उभी माणसे एका पायावर भार कसा टाकतात, पिशवी धरलेला खांदा कसा खाली येतो, रांगेतली दूरची माणसे जवळच्यांच्या मानाने किती लहान दिसतात, एवढेच तिने पाहावे आणि भराभर रेखाटावे. घरी आल्यावर वही मिटून तेच दृश्य आठवणीने काढावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन काय निसटले ते पाहावे.

पत्राच्या शेवटी तुम्ही दहावीच्या वाढीव गुणांचे विचारले आहे. ते गुण एलिमेंटरीच्या पुढच्या इंटरमीजिएट परीक्षेतल्या श्रेणीवर अवलंबून असतात. अ, ब आणि क श्रेणीला अनुक्रमे ७, ५ आणि ३ असे त्यांचे प्रमाण ठरलेले आहे. अर्ज भरताना चालू वर्षाचे परिपत्रक शाळेतून पाहून घ्यावे.

मी नववीत आहे. पेन्सिलीने छायांकन करताना मी बोटाने घासून ते गुळगुळीत करतो, तरी चित्र मळकट दिसते आणि वस्तू गोल वाटत नाही. पेन्सिल बदलू का? — एक विद्यार्थी, सांगली

पेन्सिल जरूर बदला, पण तेवढ्याने भागणार नाही. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइट आणि माती यांचे मिश्रण असते. मातीचे प्रमाण जास्त असेल तर शिसे कठीण होते आणि रेघ फिकट उमटते. एचबी पेन्सिल कितीही दाबली तरी खोल काळेपणा येत नाही, उलट कागद मात्र चकाकू लागतो. रेखांकनाला एचबी, मधल्या छटांना २बी आणि गडद भागाला ४बी किंवा ६बी अशा पेन्सिली असल्या की शाळेपुरते काम होते. बोटाने घासणे मात्र पूर्ण बंद करा. बोटाचा तेलकटपणा कागदात उतरतो, कागदाचा दाणा बुजतो आणि सगळ्या छटा एकमेकींत मिसळून मधल्याच कुठल्यातरी राखाडीवर येऊन थांबतात. मळकटपणा येतो तो यामुळे. त्याऐवजी वस्तूच्या वळणाला धरून बारीक रेषांचे थर एकावर एक द्या.

वस्तू गोल न वाटण्याचे कारण वेगळे आहे आणि ते बहुधा तुमच्या वर्गातल्या उजेडात असावे. छतावर दोन-तीन ट्यूबलाइट लागलेल्या असतील, तर प्रत्येक दिव्याची निराळी सावली पडते आणि एकही सावली ठाम राहत नाही. दिवे बंद करून एकाच खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर एक अंडे ठेवून पाहा. डोळे किलकिले केले की बारीकसारीक तपशील नाहीसे होतात आणि मोठे भाग स्पष्ट दिसतात. खिडकीकडची उजळ बाजू, त्यानंतरची मधली छटा, वळण ओलांडल्यावर येणारा सर्वांत गडद पट्टा, त्याच्या पलीकडे खालच्या पांढऱ्या कागदावरून उसळून आलेला मंद परावर्तित उजेड आणि शेवटी कागदावरची पडछाया, असे ते भाग असतात. परावर्तित उजेड एकदा दिसू लागला की मुलांना तो फार आवडतो आणि ती तो नको तितका उजळ करतात. तो सावलीच्या प्रदेशातला उजेड आहे, म्हणून उजळ बाजूच्या मधल्या छटेपेक्षा तो गडदच राहिला पाहिजे. पडछायेच्या बाबतीतही एक गोष्ट पाहून घ्यावी. वस्तू जिथे कागदाला टेकते तिथे ती सर्वांत काळी आणि धारदार असते, आणि दूर जाताना फिकट व मऊ होत जाते.

सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र तुम्ही छापील स्वरूपात पाहिले असेल. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे आणि अनेक लोक ते चुकून राजा रविवर्मा यांचे समजतात. त्या चित्राची प्रत समोर ठेवून फक्त तीन छटांत, म्हणजे कोरा कागद, एक मधली राखाडी आणि एक काळी, त्याचे तळहाताएवढे टिपण करून पाहा. ज्योतीवर आडव्या धरलेल्या हातामुळे उजेड कुठे अडतो, कुठे झिरपतो आणि चेहऱ्यावर खालून कसा पोहोचतो, हे त्या लहानशा टिपणातही उमगेल.

आमची शाळा डोंगराळ भागात आहे. वर्गात मुले भरपूर आणि रंगपेट्या चार-दोन. मी ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) झालेली शिक्षिका आहे, परंतु साहित्याशिवाय मूलतत्त्वे शिकवावीत कशी? — एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

रंगपेटी नसणे ही अडचण आहे हे खरे, पण सुरुवातीच्या वर्षाच्या पहिल्या भागात ती फारशी आड येऊ नये. पुस्तकांना कव्हर घालण्याचा खाकी कागद, चुलीतला कोळसा आणि फळ्यावरचा पांढरा खडू एवढ्यावर छायाप्रकाशाचे उत्तम शिक्षण होते. खाकी कागदाचा मूळ रंग मधली छटा म्हणून वापरायचा, सावली कोळशाने आणि उजेड खडूने दाखवायचा, आणि उरलेला कागद तसाच सोडायचा. पांढऱ्या कागदावर काम करताना मुलाला उजेड ‘सोडून द्यावा’ लागतो. खाकी कागदावर तो स्वतःच्या हाताने लावावा लागतो, त्यामुळे तो कोठून येतो याचा विचार आपोआप होतो. एकच पथ्य आहे. कोळसा आणि खडू एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, नाहीतर त्यांची निळसर राख होते. युरोपातील चित्रकारांनी रंगीत कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूंनी शेकडो वर्षे असाच अभ्यास केलेला आहे, तेव्हा ही गरिबाची तडजोड आहे असे मुलांना वाटू देऊ नये. काम झाल्यावर चित्रांमध्ये वर्तमानपत्र घालून ठेवले तर कोळसा पसरत नाही.

पोत या घटकासाठी तर तुमच्या शाळेचे आवार शहरातल्या शाळेपेक्षा श्रीमंत आहे. झाडाची साल, विणलेली टोपली, गवताचे छप्पर, शेणाने सारवलेली जमीन यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली की पोताचे ठसे मिळतात. ते शेजारी शेजारी लावून मुलांना ओळखायला सांगावे. नंतर मूळ वस्तू डोळ्यांसमोर ठेवून तोच पोत केवळ रेषा आणि ठिपके यांनी काढायला लावावा. ठसा सहज मिळतो, रेखाटताना मात्र निवड करावी लागते, आणि शिकणे त्या निवडीत असते.

रंग हवेच असतील तर गेरू बारीक वाटून, वस्त्रगाळ करून, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवावा. कारखान्यात तयार होणाऱ्या जलरंगातही रंगपूड आणि डिंक हेच मुख्य घटक असतात. हळदीचा पिवळा सुंदर दिसतो, परंतु उजेडात तो लवकर उडतो, म्हणून प्रदर्शनासाठी ठेवायच्या चित्रात तो वापरू नये. पिवळी माती मिळाली तर ती टिकते.

शाळेत यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) हा चित्रकलेचा पाया म्हणून शिकवतात. मग आमच्या भागातली वारली चित्रे किंवा कोकणातली जुनी चित्रकथी चुकीची म्हणायची का? — एक वाचक, डहाणू

तुमच्या प्रश्नात थोडा राग आहे आणि तो रास्त आहे. रेषीय यथार्थदर्शन ही पंधराव्या शतकात फ्लोरेन्समध्ये आकाराला आलेली एक रीत आहे. ब्रुनेलेस्की या वास्तुकारांनी ती प्रयोगाने दाखवली आणि लेखक-वास्तुकार अल्बर्टी यांनी १४३५ च्या सुमारास तिचे नियम लिहून काढले. एका जागी स्थिर उभे राहून एका डोळ्याने पाहिले तर जग कसे दिसेल, या प्रश्नाला ती चोख उत्तर देते. परंतु चित्राने हाच एक प्रश्न विचारला पाहिजे असे कोणी ठरवलेले नाही.

वारली चित्रातला तारपा नाच, म्हणजे तारपा या फुंकवाद्यावरचा नाच, नीट पाहा. नाचणाऱ्यांचे फेर वरून पाहिल्यासारखे काढलेले असतात, पण त्या फेरातले प्रत्येक माणूस बाजूने पाहिलेले असते. क्षितिजरेषा नसते, दूरचे लहान आणि जवळचे मोठे असा हिशेबही नसतो. तारपा वाजवणारा कुठे आहे, कोण कोणाच्या कमरेला हात घालून आहे आणि साखळी कशी वळते, ते सगळे एकाच वेळी दाखवायचे असते, आणि एका जागी उभ्या राहिलेल्या माणसाला ते सगळे दिसणारच नाही. टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचे शरीर, वर्तुळाचे डोके आणि रेषांचे हातपाय एवढ्या सामग्रीवर तोल, लय आणि पुनरावृत्ती यांचा किती खोल विचार होऊ शकतो, हे पद्मश्री जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत जगाने पाहिले. गेरूच्या किंवा मातीच्या पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाचा पांढरा हा एकच रंग असल्यामुळे भरलेली आणि मोकळी जागा यांचे नाते त्यात जितके उघडपणे दिसते तितके शाळेच्या कोणत्याही नमुनाचित्रात दिसत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी परंपराही अशीच आहे. तेथे चित्र हे कथा सांगणाऱ्याच्या हातात धरलेले पान असते, त्यामुळे पात्र चटकन ओळखू येणे हे खोलीपेक्षा महत्त्वाचे ठरते.

आपल्याकडे शास्त्रविचारही नव्हता असे नाही. कामसूत्रावरील टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगे सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. ‘रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश’ ही आजच्या पाठ्यपुस्तकातली यादी या सहांशेजारी ठेवली, तर भाव आणि लावण्य हे दोन शब्द आपण वर्गाबाहेर ठेवले आहेत असे मला नेहमी वाटते. शालेय चित्रकलेचा आपला साचा मुख्यतः ब्रिटिश काळात घडला. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले आणि लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील शिक्षणपद्धतीची छाप त्यावर पडली. गंमत अशी की त्याच विद्यालयातले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करू लागले आणि ते काम १८८५ पर्यंत चालले. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच पुढे आगीत नष्ट झाल्या.

एवढे सांगूनही यथार्थदर्शन शिकावे असेच मी म्हणेन, फक्त ते ‘पाया’ या नावाने न शिकवता अनेक रीतींपैकी एक उपयुक्त रीत म्हणून शिकवावे. त्यासाठी शाळेचा व्हरांडा पुरतो. व्हरांड्याच्या एका टोकाला मुलाला उभे करावे. डोळ्यांच्या वरच्या रेषा, म्हणजे छताची कड आणि दारांच्या चौकटींचे माथे, दूर जाताना खाली उतरतात. डोळ्यांच्या खालच्या, म्हणजे फरशीच्या आणि कठड्याच्या रेषा वर चढतात, आणि सगळ्या डोळ्यांच्या उंचीवर एका बिंदूत मिळतात. मग त्याला तिथेच खाली बसवावे. तो बिंदूही त्याच्याबरोबर खाली येतो. त्यानंतर त्याच व्हरांड्याचे, त्यातल्या मुलांच्या धांदलीसह, एक चित्र वारली रीतीने काढायला सांगावे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी नववीत असून तिने शाळेत प्राथमिक कलावर्ग घेतला आहे. तेथे कागदाकडे न पाहता चित्र काढायला लावतात, वेडेवाकडे आले तरी वाखाणतात आणि नंतर सगळी मुले एकमेकांच्या चित्रांवर बोलत बसतात. मी स्वतः इंटरमीजिएट ‘अ’ श्रेणीत उत्तीर्ण आहे. हे शिक्षण मला उथळ वाटते. — एक पालक

कागदाकडे न पाहता काढायचे ते चित्र मुद्दामच वेडेवाकडे यावे असे असते. डोळा वस्तूच्या कडेवरून ज्या गतीने सरकतो त्याच गतीने पेन्सिल सरकवायची, एवढाच तो व्यायाम आहे. वर नाशिकच्या पालकांना लिहिलेल्या तांब्याच्या उत्तराशी तो जोडून पाहावा. कागद दिसत नसल्यामुळे माहितीवरून ‘सुधारणा’ करण्याची सोय राहत नाही. हा व्यायाम थोडा वेळ करून मग नेहमीचे रेखाटन केले, तर त्यातल्या रेषा अधिक सावध येतात. तुम्ही स्वतः मुलीशेजारी बसून एकमेकींच्या हाताचे असे चित्र काढून पाहावे.

तुमच्या राज्यात शालेय शिक्षण पूर्ण करण्यासाठी दृश्य व प्रयोगजीवी कलांचे ५ क्रेडिट घ्यावे लागतात, त्यामुळे त्या वर्गात चित्रकार होऊ इच्छिणारी मुले थोडी आणि इतर बरीच असणार, हे शिक्षकाला गृहीत धरावे लागते. २०१४ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या राष्ट्रीय कलामानकांत निर्मितीबरोबरच कलाकृतीचे सादरीकरण, तिला दिलेला प्रतिसाद आणि तिचा इतर अनुभवांशी जोडलेला संबंध यांनाही स्थान आहे. मुले बोलत बसतात ते त्यामुळे. परंतु त्या बोलण्याची तपासणी तुम्ही करू शकता. मुलगी घरी येऊन ‘सगळ्यांना माझे चित्र आवडले’ एवढेच सांगत असेल, तर तुमची शंका खरी आहे. ‘उजवीकडची गडद जागा जास्त झाल्यामुळे नजर तिथेच अडकते असे एकाने सांगितले आणि मला ते पटले’ असे ती सांगत असेल, तर आपल्याकडच्या बहुतेक वर्गांत जे होत नाही ते तिच्या वर्गात होत आहे. आपल्याकडे चित्र कपाटात जाते, श्रेणी येते आणि त्यावर कोणी चार वाक्येसुद्धा बोलत नाही, याचा खेद मला आहे.

तुमच्या शिक्षणातले जे तिला तिथे कदाचित मिळणार नाही ते तुम्हीच द्या : संकल्पचित्राची शिस्त. एका चौकोनाचे भाग पाडणे, एकच आकार फिरवून आणि उलटवून नक्षी बांधणे, रंग देताना कडा राखणे. अमेरिकेत आर्थर वेस्ली डाऊ यांनी जपानी छापचित्रांवरून प्रेरणा घेऊन रेषा, काळ्या-पांढऱ्याची वाटणी आणि रंग या क्रमाने रचना शिकवायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरुवात केली होती. प्रसिद्ध अमेरिकी चित्रकार जॉर्जिया ओकीफ या त्यांच्याकडे शिकलेल्या. तुमच्या मुलीच्या शिक्षकांना तुमची नक्षी परकी वाटणार नाही.

लाल आणि निळा मिसळून जांभळा होतो असे पुस्तकात आहे. माझा तपकिरी होतो. — एक विद्यार्थिनी, मडगाव

तुझा लाल बहुधा शेंदरी वळणाचा आहे. शेंदरी लालात पिवळ्याचा अंश असतो. त्यात निळा मिसळला की तिन्ही प्राथमिक रंग एकत्र येतात आणि मिश्रण तपकिरीकडे झुकते. गुलाबीकडे झुकणारा क्रिमझन लाल आणि अल्ट्रामरीन निळा घेऊन पाहा, जांभळा स्वच्छ येईल. हीच गोष्ट हिरव्याची. लेमन पिवळ्यातून चकचकीत पोपटी मिळतो आणि नारिंगी वळणाच्या पिवळ्यातून शेवाळी. झाडे रंगवताना हा दुसरा हिरवा जास्त उपयोगी पडतो, ट्यूबमधला तयार हिरवा सहसा पडत नाही. सावलीसाठी काळा घेण्याआधी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी मिसळून पाहा. निळा वाढवला तर थंड राखाडी आणि अंबर वाढवला तर उबदार राखाडी मिळते. ओला रंग पाहून निर्णय घेऊ नकोस, कारण जलरंग वाळल्यावर फिकट होतो आणि पोस्टर कलरच्या फिकट छटा वाळल्यावर पुष्कळदा थोड्या गडद होतात. वापरायच्या कागदाचा एक तुकडा शेजारी ठेवून त्यावर आधी लावून पाहण्याची सवय ठेव.

आठवीतल्या मुलाने झाडाचे खोड हिरवे आणि पाने तपकिरी रंगवली. शिक्षकांनी वर्गात सर्वांसमोर हसून ते चित्र दाखवले. नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासले तेव्हा लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही असे निघाले. त्याने चित्रकला सोडावी का? — एक पालक, अमरावती

सोडू नये. आधी शिक्षकांना एकट्याला भेटून डॉक्टरांचे निदान दाखवावे. ज्यांना याची कल्पना नसते त्यांच्याकडून असे घडते, मात्र कळल्यानंतर ते पुन्हा घडता कामा नये. हा दोष बहुधा जन्मजात असतो. त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो मुलींपेक्षा मुलांत बराच अधिक आढळतो, तेव्हा मोठ्या शाळेत तुमचा मुलगा एकटाच असा असण्याची शक्यता कमी आहे.

अशा मुलाला रंगांतला फरक कमी कळला तरी उजळ-गडदाचा फरक बहुधा नीट कळतो. म्हणून त्याने प्रत्येक चित्र आधी एकाच रंगात, म्हणजे नुसत्या सेपिया या तपकिरी रंगात किंवा पेन्सिलीत, छटांसह पूर्ण करावे आणि मगच रंगाकडे जावे. रंगाच्या प्रत्येक ट्यूबवर आणि पॅलेटच्या प्रत्येक कप्प्याशेजारी नाव लिहावे, कप्प्यांचा क्रम कधीही बदलू नये आणि मिश्रणे अंदाजाने न करता प्रमाण लिहून ठेवून करावीत, उदाहरणार्थ दोन भाग पिवळा आणि एक भाग निळा. असे मिश्रणांचे तक्ते एकदा मित्राच्या मदतीने तयार केले की वर्षभर पुरतात. संकल्पचित्रात त्याने निळा, पिवळा, पांढरा आणि काळा यांवर भर द्यावा, कारण लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्यांना निळ्या-पिवळ्यातला फरक सहसा स्पष्ट दिसतो.

एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच कलावंत शार्ल मेरियाँ यांना रंगदृष्टीचा दोष होता. ते रंगचित्रण सोडून धातूच्या पत्र्यावरील अम्लरेखनाकडे (एचिंगकडे) वळले आणि जुन्या पॅरिसच्या रस्त्यांची व पुलांची त्यांची काळी-पांढरी छापचित्रे आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. छापचित्रण, मूर्तिकाम आणि अक्षरलेखन या वाटा तुमच्या मुलालाही खुल्या आहेत. शाळेत लिनोकटची, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापण्याची, सोय असेल तर शिक्षकांना तो विषय सुचवून पाहावा. नसेल, तर साबणाच्या वडीवर आकृती कोरून, तिला शाई लावून कागदावर ठसा उमटवण्यापासून सुरुवात करता येईल. कोरण्याच्या हत्याराला धार असते, म्हणून पहिल्या वेळी कोणीतरी मोठे माणूस शेजारी असावे आणि वडी धरलेला हात नेहमी हत्याराच्या मागे राहील हे पाहावे.